आधी दम येतो, मग ताकद. कंडरा सगळ्यांत शेवटी

एकेकाळी जिल्हा-राज्य पातळीवर कबड्डी, खो-खो किंवा बॅडमिंटन खेळलेली माणसं चाळिशीत पुन्हा मैदानावर उतरतात, तेव्हा त्यांना एक सुखद धक्का बसतो. धाप लागते खरी, पण हातपाय जुन्यासारखे वागतात. स्मॅश मारताना मनगट आपोआप वळतं, चढाई करणाऱ्याचा पाय कुठे पडणार हे आधीच कळतं. वर्षानुवर्षांच्या सरावाने घोटलेल्या हालचाली लहान मेंदू आणि त्याच्याशी जोडलेल्या भागांत इतक्या पक्क्या बसलेल्या असतात की मोठा खंड पडला तरी त्या फारशा पुसल्या जात नाहीत. जपायला हवं ते इथूनच. मेंदू पंचविशीतल्या सवयीने हुकूम सोडतो आणि तो पाळायचा असतो चाळिशीतल्या शरीराला. या शरीराचे सगळे भाग एका वेगाने परत येत नाहीत.

सगळ्यांत आधी जातो तो दम. १९८४ साली अमेरिकेत कसलेल्या धावपटूंना आणि सायकलपटूंना सराव थांबवायला सांगून त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता मोजली गेली. ३ आठवड्यांत ती ७ टक्क्यांनी उतरली, १२ आठवड्यांत १६ टक्क्यांनी. सुरुवातीच्या घसरणीचं मुख्य कारण म्हणजे अंगातलं रक्ताचं प्रमाण घटतं आणि हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं. पण स्नायूंमधल्या केशवाहिन्यांचं जाळं त्या १२ आठवड्यांत टिकून होतं.

दम परतही येतो, आणि अनेकांना वाटतं त्यापेक्षा चांगला येतो. १९६६ मध्ये डॅलसला विशीतल्या ५ तरुणांना ३ आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवण्यात आलं. त्यांची क्षमता चौथ्या हिश्श्याहूनही जास्त घटली. ३० वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं, तेव्हा ते पन्नाशीला आले होते, वजनं वाढली होती. तरीही ३० वर्षांत झालेली घट त्या ३ आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमीच भरली. मग ६ महिने चालणं, हळू पळणं, सायकल असा बेताबेताने वाढवलेला व्यायाम दिला आणि ते विशीतल्या आपल्या मूळ पातळीवर पोचले. विशीत, अंथरुणातून उठल्यावर सराव करून त्यांनी जी उंची गाठली होती ती मात्र पन्नाशीत कुणालाच गाठता आली नाही. माणसं पाचच होती, त्यामुळे यावरून सर्वांसाठी नियम काढता येणार नाही. पण ‘आता वय झालं’ म्हणून घरी बसणाऱ्याला हा प्रयोग मी आवर्जून सांगेन.

स्नायूंची गोष्ट याहून रंजक आहे. आपल्या बहुतेक पेशींत एकच केंद्रक असतं. स्नायुतंतूत ती शेकड्यांनी असतात आणि व्यायामाने तंतू जाड होताना शेजारच्या मूळपेशींकडून आणखी केंद्रकं मिळतात. ऑस्लो विद्यापीठातल्या क्रिस्टियान गुंडरसन यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांत दाखवलं की स्नायू पुन्हा रोडावला तरी ही जादा केंद्रकं तशीच राहतात. म्हणजे पुन्हा व्यायाम सुरू झाला की कामाला लागणारे हात आधीच हजर! माणसांतही असंच घडतं का, यावर अजून वाद आहे. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाने २०१८ मध्ये वेगळी खूण शोधली: व्यायामाने स्नायूंच्या डीएनएवर उमटलेले काही रासायनिक बदल ७ आठवड्यांच्या विश्रांतीनंतरही टिकून होते आणि दुसऱ्या खेपेला स्नायू अधिक जोमाने वाढले. कारण कोणतंही ठरो, एकदा कमावलेली ताकद दुसऱ्यांदा लवकर येते हा अनुभव खरा आहे.

आता कंडरा. स्नायू हाडाला बांधणारा हा चिवट पट्टा. टाचेच्या मागे बोटांनी चाचपता येतो तो सगळ्यांत जाड. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळपास दुप्पट झाला आणि अन्नावाटे तो सगळ्यांच्या शरीरात गेला. कोणती ऊती कधी घडली हे त्याच्या प्रमाणावरून सांगता येतं. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये टाचेच्या कंडरा अशा तपासल्या. स्नायू सतत नव्याने घडत असल्याचं दिसलं. कंडरेचा गाभा मात्र साधारण १७ व्या वर्षापर्यंत, उंची वाढते तोवर, तयार होतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. चाळिशीतला माणूस शाळकरी वयात बनलेल्या गाभ्यावर उड्या मारत असतो.

कंडरेला रक्तपुरवठाही कमी. योग्य भार दिला तर ती ताठ आणि सक्षम होते, पण त्याला महिने लागतात. तोवर स्नायू पुढे निघून गेलेला असतो, आणि परतलेल्या खेळाडूकडे तर जुना वेग, जुनी झेपही असते. टाचेची कंडरा तुटणाऱ्यांत तीस ते पन्नास वयाचे, अधूनमधून खेळणारे पुरुष मोठ्या संख्येने दिसतात ते काही उगाच नाही. अनेकदा आधी काहीच दुखत नसतं. पुढे झेपावताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटतं, माणूस वळून बघतो तर मागे कुणीच नसतं.

जपानची टेनिसपटू किमिको दाते १९९६ मध्ये जगातल्या पहिल्या दहांत असतानाच निवृत्त झाली. २००८ मध्ये ती परतली आणि सप्टेंबर २००९ मध्ये, ३९ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तिने सोलची स्पर्धा जिंकली. मधल्या काळात तिने शरीर सोडून दिलं नव्हतं. ती लंडन मॅरेथॉन धावली होती. तिचं उदाहरण देताना लोक हा भाग गाळतात याचं मला वाईट वाटतं.

म्हणून परतताना पहिले तीन महिने सामने नकोत. एका पायावर उभं राहून टाच सावकाश उचलणं, वजन घेऊन हळू बैठका, पायऱ्या चढणं यांनी सुरुवात करावी. उड्या, झटक्यात वळणं, खो-खोतला सूर हे नंतर. चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकार असेल तर, आधी डॉक्टरांना भेटावं. व्यायाम करताना छातीत दडपण आलं तर तिथल्या तिथे थांबून उपचार घ्यावेत. कंडरेचा अंदाज खेळताना येत नाही, कारण अंग तापलं की दुखणं दबतं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी, अंथरुणातून उतरून टाकलेल्या पहिल्या चार पावलांत येतो. टाच आदल्या सकाळपेक्षा जास्त आखडलेली वाटली, तर त्या दिवशी भार कमी करावा.