विज्ञान आश्रम, पाबळ

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ येथे १९८३ साली सुरू झालेले ग्रामीण तंत्रशिक्षणाचे केंद्र. संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग (मृत्यू २००३). पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन या संस्थेच्या छत्राखाली ते उभे राहिले. कलबाग अन्नतंत्रज्ञ होते. अमेरिकेत डॉक्टरेट केल्यावर हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि नंतर बिऱ्हाड पाबळला हलवले. मस्तानीच्या समाधीसाठी ओळखले जाणारे हे गाव पर्जन्यछायेतले, कोरडवाहू आहे.

शाळा अर्धवट सुटलेली मुले बुद्धीने कमी नसतात, त्यांना हाताने शिकायची संधी मिळालेली नसते, ही आश्रमाची बैठक. येथील एक वर्षाच्या निवासी पदविकेत मुले वर्कशॉप व बांधकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या चारही विभागांत काम करतात. आयटीआयमध्ये एकच ट्रेड घेऊन मुलगा फिटर किंवा वायरमन होतो. कारखान्याला तेच हवे असते. पण खेड्यात वेल्डिंगचे दुकान टाकणाऱ्याला मोटरही दुरुस्त करावी लागते, शेडही उभारावी लागते. या पदविकेला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता आहे.

पद्धतीचे मर्म गिऱ्हाइकात आहे. मुले सरावासाठी लोखंड जोडून ते भंगारात टाकत नाहीत. कुणाचे तरी गेट, कुणाची तरी माती तपासणी पैसे घेऊन करून देतात. ड्रॉइंग काढणे आणि मालाचा, मजुरीचा हिशेब मांडून दर ठरवणे हा अभ्यासाचाच भाग. गेट नीट बसले नाही तर मालक परत येतो, आणि मार्कांपेक्षा ही परीक्षा कडक असते. १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडल्या गेलेल्या, हस्तोद्योगातून शिकवण्याच्या गांधीजींच्या नई तालीमशी याचे नाते उघड आहे. चरख्याच्या जागी येथे वेल्डिंग मशीन आले, एवढेच.

आश्रमात घडलेल्या वस्तूंत मेकबुल हा छोटा ट्रॅक्टर आणि लोखंडी सांगाड्याचा पाबळ डोम (घुमटाकार घर) विशेष. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर निवाऱ्यासाठी असे डोम उभारले गेले. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने येथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर वस्तू घडवण्याची कार्यशाळा, आली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये ती गणली जाते.

हाच अभ्यासक्रम ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ (आयबीटी) या नावाने आठवी ते दहावीच्या वर्गांत गेला. लेंड-अ-हँड इंडिया या पुण्याच्या संस्थेने तो अनेक शाळांत पोहोचवला. आठवड्यातला एक दिवस कामाचा, आणि शिकवायला गावातलाच गवंडी किंवा इलेक्ट्रिशियन, अशी त्याची रचना. विस्तारात खरी अडचण निदेशकाची, म्हणजे काम शिकवणाऱ्याची, पडते. हात चालणारा आणि त्यामागचे विज्ञान समजावणारा माणूस मिळणे कठीण, आणि मिळाला तरी शाळेच्या मानधनावर तो टिकत नाही. त्याचा हात बाहेरच्या कामात जास्त कमावतो.