गोव्यातले पंचकर्म: किनाऱ्यावरच्या पाट्यांआधीची गोष्ट

मोरजीपासून पाळोळेपर्यंत किनाऱ्याने गेलात तर 'पंचकर्म', 'शिरोधारा', 'आयुर्वेदिक मसाज' अशा पाट्या शॅकच्या पाट्यांइतक्याच सरावाच्या झालेल्या दिसतात. बहुतेक पाट्यांवर चित्र एकच, कपाळावर तेलाची धार. पंचकर्म म्हणजे आयुर्वेदातले शरीरशुद्धीचे पाच उपचार, आणि गंमत अशी की ही तेलाची धार, म्हणजे शिरोधारा, त्या पाचांत येतच नाही. जुना आयुर्वेदाचार्य चरक याच्या हिशेबाने ती पाच म्हणजे वमन (उलटी करवणे), विरेचन (जुलाब देणे), निरूह बस्ती (काढ्याचा एनिमा), अनुवासन बस्ती (तेलाचा एनिमा) आणि नस्य (नाकात औषध घालणे). दुसरा आचार्य सुश्रुत, त्याची परंपरा शल्याची, म्हणजे शस्त्रक्रियेची; तिथे रक्तमोक्षणाला, म्हणजे दूषित रक्त काढण्याला, मोठा मान. पुढे दोन्ही बस्ती एकात धरून रक्तमोक्षण पाचवे मोजण्याची रीत पडली. अंगाला तेल लावणे आणि शेकणे हे स्नेहन-स्वेदन, म्हणजे पूर्वकर्म, मुख्य उपचाराआधीची तयारी. किनाऱ्यावर मात्र ही तयारीच मुख्य कार्यक्रम होऊन बसली आहे.

मूळ प्रकार तसा सुखाचा नव्हताच. आधी तीन ते सात दिवस चढत्या मात्रेत तूप प्यायचे, मग शेक घ्यायचा आणि मग वमनाच्या दिवशी सकाळी गेळफळासारखे उलटी करवणारे औषध. वैद्याने शेजारी बसून वेग, म्हणजे उलट्या-जुलाब किती वेळा झाले ते, मोजायचे: वमनाचे आठ आणि विरेचनाचे तीस वेग झाले तर शुद्धी उत्तम समजायची. पण खरी काळजी त्यानंतरची. पोट रिकामे झालेल्या माणसाला लगेच जेवायला बसवत नाहीत. आधी पातळ पेज म्हणजे पेया, मग घट्ट पेज म्हणजे विलेपी, मग कढण, अशी पायरीपायरीने बारा वेळची जेवणे. गोव्याच्या माणसाला हे नवीन सांगायला नको. आजारातून उठलेल्याला इथे पहिल्यांदा उकड्या तांदळाची पेजच मिळते, तोंडाला चव यावी म्हणून सोबत लोणच्याची फोड.

औषधेही परकी नाहीत. चरकाच्या ग्रंथातल्या कल्पस्थान या विभागात वमनाचे 355 आणि विरेचनाचे 245, असे एकूण 600 योग, म्हणजे औषधांच्या कृती, सांगितल्या आहेत. वमनाच्या मुख्य सहा द्रव्यांत कुटज आहे, तोच आपल्या रानातला पांढऱ्या फुलांचा कुडा. विरेचनाच्या यादीत बहावा आहे, निवडुंगाचा चीकही आहे. त्याच कुड्याची साल अतिसार थांबवायला वापरतात. एकाच झाडाचा एक भाग पोट रिकामे करायला, दुसरा ते आवरायला.

हे ज्ञान युरोपीय कागदावर आले ते गोव्यातच. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये इथे आला. हिंदुस्थानातल्या औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात मालुपा नावाचा हिंदू वैद्य भेटतो, अतिसारावरच्या देशी उपायांची चर्चा येते, आणि मोडशीच्या, म्हणजे उलट्या-जुलाबाच्या, रोग्याला मिरी-जिरे घातलेले भाताचे पाणी द्यायची रीतही. ओर्ता 1568 मध्ये वारला. तो मूळचा ज्यू घराण्यातला, म्हणून 1580 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडे उकरून जाळली.

तोवर धोरण बदलले होते. 1567 च्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांना बिगरख्रिस्ती वैद्याकडे जायला मनाई केली. ती कितपत पाळली गेली ते लिन्शोटेनकडून कळते. हा डच माणूस 1580 च्या दशकात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. तो लिहितो की खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि पाद्री यांचा स्वतःच्या वैद्यांपेक्षा हिंदू वैद्यांवर जास्त भरवसा होता. पोट बिघडले की माणूस फतवा बघत नाही.

सतराव्या शतकात गोव्याला आलेला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये इथल्या इस्पितळाचे वर्णन करतो, ते वाचून अंगावर काटा येतो. दूषित रक्त निघतेय तोवर रोग्याच्या शिरा कापत राहायच्या, काहींच्या तर तीस-चाळीस वेळा. नंतर अंगावर रंग यावा म्हणून बारा दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ गोमूत्राचा एकेक पेला. रक्त काढण्याचे वेड युरोपचे, त्यावरचा उतारा इथल्या गोठ्यातला. रक्तमोक्षण आयुर्वेदातही आहे, पण किती काढायचे आणि कोणाचे काढायचे नाही याच्या मर्यादा तिथे ठळक आहेत.

गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या सारस्वतांनी ही विद्या सोबत नेली. कोचीत डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड यांच्या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथासाठी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांनी काम केले. त्यांचे 1675 चे नागरी लिपीतले प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. इकडे पणजीत 1842 मध्ये वैद्यकीय शाळा निघाली आणि सरकारी मान पाश्चात्त्य वैद्यकाकडे गेला. गावचा वैज, म्हणजे देशी वैद्य, काढे, लेप आणि एरंडेलावर टिकून राहिला. वमन-बस्तीसारख्या गोष्टींना रोग्याला ठेवून घ्यायला जागा लागते, माणसे लागतात. ती त्याच्याकडे कुठून असणार?

म्हणून आज किनाऱ्यावर दिसणारे पंचकर्म हा या वैजाचा वारसा आहे असे मला वाटत नाही. केरळने 1990 च्या दशकात पर्यटनाला आयुर्वेदाची जोड दिली, आणि चार्टर विमानांनी भरलेल्या गोव्याने तो साचा उचलला. धारा, पिझिच्चिल, नवरकिझी ही तिथल्या उपचारांची नावेच त्याची साक्ष देतात. 'शरीरातली विषद्रव्ये निघून जातात' ही भाषाही अलीकडची. ग्रंथ वात, पित्त, कफ या दोषांबद्दल बोलतात, आणि विषद्रव्यांचा दावा आधुनिक चाचण्यांनी नीट सिद्ध झालेला नाही.

रुग्णालयात होणारे पंचकर्म गोव्यात आले ते वेगळ्या वाटेने. शिरोड्याचे गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय ही त्यातली ठळक पायरी. पुढे पेडण्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था उभी राहिली. तिचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी, मोपा विमानतळाच्या उद्घाटनाच्याच दिवशी झाले. अशा ठिकाणी आधी नाडी, वय, जुने आजार विचारतात, कारण वमन किंवा विरेचन कोणाला द्यायचे नाही याची लांबलचक यादी चरकाच्या ग्रंथातल्या सिद्धिस्थान या विभागातच दिलेली आहे. गर्भवती आणि हृदयरोगी त्यात आहेत. आठवड्याच्या पॅकेजमध्ये हे प्रश्न कोणी विचारले नाहीत, तर फक्त मालिश घेऊन यावे.

आणि वेळेचे म्हणाल तर चरक-सुश्रुतानंतरचा आचार्य वाग्भट याने शोधनासाठी, म्हणजे अशा शुद्धीसाठी, श्रावण, कार्तिक आणि चैत्र सांगितले आहेत: श्रावणात वात, कार्तिकात पित्त, चैत्रात कफ. गोव्यात श्रावण म्हणजे शॅक मोडून ठेवलेले, समुद्र खवळलेला, हॉटेलांचे दर उतरलेले. पर्यटकांची खरी गर्दी नाताळात, म्हणजे मार्गशीर्ष-पौषात. ते महिने या यादीत नाहीत.