भूदृश्यरचनेचे पायाभूत अध्यापन (पुणे)

इमारतीबाहेरची जमीन, पाणी, झाडे आणि माणसांची ये-जा यांचा एकत्रित विचार वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना शिकवणारा विषय. पाच वर्षांच्या बी.आर्क.मध्ये तो शिकवला जातो. कर्वेनगरच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात त्याचे पदव्युत्तर शिक्षणही मिळते.

पहिला धडा उताराचा असावा, झाडांचा नव्हे. 1:12 चा रॅम्प (उतरता-चढता मार्ग) एक मीटर चढायला 12 मीटर लांब लागतो, म्हणजे 1:200 च्या नकाशावर 6 सेंमी. जागा घेतो. विद्यार्थ्याने हे पट्टीने मोजले की रॅम्प उरलेल्या कोपऱ्यात कोंबायची सवय सुटते. पुण्यात टेकड्यांवर बेसाल्ट, त्यावर मुरूम आणि मातीचा पातळ थर. नदीकाठी पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती. वर्षाचा पाऊस 700 मिमी.च्या आसपास, पण तो मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. त्यामुळे पाणी कुठून येते, कुठे मुरते आणि कुठून निघून जाते हे सेक्शनमध्ये, म्हणजे जमिनीच्या उभ्या छेदाच्या रेखाटनात, दाखवल्याखेरीज आराखडा पुढे नेऊ नये. जुलैत वेताळ टेकडीवर वर्ग नेला तर ओघळ स्वतःच हे समजावतात.

झाडांची निवड हा खरा कसोटीचा भाग. थंड देशांतल्या पाठ्यपुस्तकांत पानगळीचे झाड उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन देते. आपल्याकडे पळस, पांगारा, काटेसावर फुलांनी लगडतात ते पाने झडल्यावर, नेमकी उन्हे तापू लागतात तेव्हा. बसायच्या पारावर चैत्रात सावली हवी असेल तर तोवर नवी पालवी धरणारे करंज, कडुनिंब बरे. टेकड्यांवर लावलेले गिरिपुष्प मूळचे मध्य अमेरिकेतले. झटपट हिरवळ आणि स्थानिक परिसंस्था यांतला फरक दाखवायला ते उपयोगी पडते.

गच्चीवरची बाग रेखाटताना वजनाचा हिशेब हवाच: ओल्या मातीचा 30 सेंमी. थर दर चौरस मीटरला सुमारे 500 किलो भरतो.

क्षेत्रभेटीसाठी सारसबाग उत्तम. पेशवेकाळी तिथे तळे होते, म्हणूनच तिथल्या देवळातला गणपती ‘तळ्यातला गणपती’. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन उद्यानावरून बेतले आहे. तिथे विद्यार्थ्यांनी पायवाटेच्या प्रत्येक वळणावर थांबून काय दिसते आणि काय मुद्दाम झाकले आहे, ते रेखाटावे.