पैष्टी पिणाऱ्याने माध्वीच्या वाटेला जावे का?

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत बाळंतिणीच्या उशाशी दशमूलारिष्टाची बाटली असतेच, आणि तिच्या लेबलावर बारीक अक्षरांत स्वयंजनित मद्यार्काचे प्रमाण छापलेले असते, बहुधा 5 ते 10 टक्क्यांच्या घरातले. दुकानातली साधी बियरही साधारण तितकीच. गूळ, मध, मनुका आणि धायटीची फुले घालून बंद भांड्यात महिनाभर मुरवलेला काढा म्हणजे आंबवलेले पेय, हे आजीला सांगितले तर ती मान्य करणार नाही. पण भांड्याच्या आत घडते ते तेच. बियरची आवड असलेल्या माणसाने घरी मीड, म्हणजे मधाचे मद्य, करून पाहावे का, या अलीकडे निघालेल्या प्रश्नाचा विचार या बाटलीपासून सुरू करणे सोयीचे पडते.

मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत: गौडी, पैष्टी आणि माध्वी. गुळाची ती गौडी, धान्याच्या पिठाची ती पैष्टी. या हिशोबाने बियर पैष्टीच्या कुळातली ठरते. माध्वीबाबत मात्र मतभेद आहेत. शब्द मधाकडे बोट दाखवतो, पण काही टीकाकारांनी तिचा अर्थ मोहाच्या फुलांची दारू असा लावला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर ‘मधु’ म्हणजे द्राक्षरसाचे मद्य. मूळ शब्द मधाचा, पण तो मोहाला आणि द्राक्षालाही चिकटला, यावरून मधाचे पेय किती जुने असावे याचा अंदाज येतो. इंग्रजीतला ‘मीड’, रशियनमधला ‘म्योद’ आणि आपला ‘मधु’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत. चीनमधील जियाहू येथे सुमारे 9000 वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, फळे आणि मध यांच्या आंबवलेल्या पेयाचे अवशेष सापडले आहेत, म्हणजे आरंभी पैष्टी आणि माध्वी एकाच मडक्यात नांदत होत्या.

पुढे त्यांची फारकत झाली ती मुख्यतः किमतीमुळे. धान्य हवे तितके पेरता येते. मध मात्र माश्या देतील तेवढाच मिळतो. आपल्याकडे गुळाने आणि युरोपात फार उशिरा, वसाहतींमधून आलेल्या साखरेने मधाची जागा घेतली. बव्हेरियात 1516 मध्ये बियरसाठी जव, हॉप्स (कडवटपणा देणाऱ्या एका वेलीची फुले) आणि पाणी एवढेच घटक ठरवून देणारा हुकूम निघाला, तोवर मधाचे पेय तेथे मागे पडत चालले होते. ते टिकले ते पोलंड आणि इथिओपियात. पोलंडमध्ये आजही मध आणि पाण्याच्या प्रमाणावरून मीडची प्रतवारी होते आणि त्यांतल्या सर्वांत हलक्या प्रकारात एक भाग मधाला तीन भाग पाणी असते. इथिओपियातल्या ‘तेज’मध्ये गेशो नावाच्या झुडपाची पाने व काड्या घालून कडवटपणा आणतात. बियर पिणाऱ्याला जवळचे वाटेल असे हेच एक रूप आहे, असे मला वाटते.

माळव्यात बियर आली ती छावणीच्या पाठोपाठ. 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांच्या राजधानीपासून काही कोसांवर महूची छावणी वसली आणि गोऱ्या शिपायांबरोबर त्यांचे पेयही आले. मीड मात्र त्या वाटेने आलेच नाही, कारण तोवर इंग्रजांच्या घरूनही ते जवळजवळ गेले होते. आपल्याकडे ते नव्या रूपात अवतरले ते गेल्या दहाएक वर्षांत, पुणे आणि नाशिक येथील छोट्या उत्पादकांमुळे.

करण्याच्या बाबतीत दोघांचा स्वभाव वेगळा आहे. मधात सुमारे 80 टक्के साखर असते. त्यात पाणी इतके कमी की यीस्टला जगता येत नाही, म्हणूनच मध वर्षानुवर्षे टिकतो. पाणी घातले की आंबणे सुरू होऊ शकते, पण यीस्टला लागणारे नायट्रोजन मधात जवळजवळ नसते. बियरसाठी केलेल्या माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, काढ्यात ते आपोआप मिळते. उपाशी यीस्ट रेंगाळते, भांड्याला सडक्या अंड्याचा वास येतो, आणि बियरच्या सवयीने दोन-तीन आठवड्यांत झाकण उघडणारा माणूस निराश होतो. आयुर्वेदातली धायटीची फुले यीस्टही पुरवतात आणि तुरटपणाही देतात. त्या जुन्या वैद्यांची जाण आजही थक्क करते. बियरइतकी, म्हणजे 5 टक्क्यांची, पाच लिटर मीड करायची तर सुमारे 530 ग्रॅम मध लागतो. पण मधातली साखर बहुतेक सगळी आंबून जात असल्याने गोडी उरत नाही, धान्यातली प्रथिने नसल्याने फेस टिकत नाही, आणि हाती येते ते कोरडे, पातळ, फुलांचा वास असलेले पेय. मधासारखे गोड आणि बियरसारखे भरदार काही मिळेल, ही अपेक्षा दोन्ही बाजूंनी फसते.

इंदुरात याहून मोठी अडचण कायद्याची आहे. मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे आणि मध्य प्रदेशात 1915 चा आबकारी अधिनियम लागू आहे. त्यात परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा असून, ‘मी विकत नाही, घरीच पितो’ एवढ्याने सुटका होत नाही. मोहाच्या दारूसाठी आदिवासींना घरगुती वापरापुरती मर्यादित सवलत आहे आणि अलीकडे त्या दारूला शासनाने ‘हेरिटेज’ मद्य म्हणून मान्यताही दिली. म्हणजे टीकाकारांनी जिला माध्वी म्हटले तिला झाबुआ-अलीराजपूरच्या पाड्यांवर वाट मोकळी आहे. मधाच्या माध्वीला शहरातल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात तशी ती नाही. म्हणून बियरच्या शौकिनाला मीड आवडते का हे पाहायचेच असेल, तर जेथे ती परवान्याने विकली जाते तेथे एक बाटली घेऊन चाखावी, तीही आधी थंड न करता, कारण फार थंड झाली की फुलांचा वास मरतो.