वारा धूळ उडवत नाही

मे महिन्यात वळवाच्या आधी वावटळ उठली, दोरीवरचे कपडे मातकट झाले की आमच्या कट्ट्यावर कोणीतरी हमखास म्हणतं, “काय धूळ उडवली वाऱ्यानं!” पूर्वी मी तिथल्या तिथे दुरुस्ती करायचो. त्यामुळे कट्ट्यावरची गर्दी पातळ व्हायला लागली, म्हणून आता लेख लिहितोय. पिठासारखी बारीक धूळ सपाट जमिनीवर नुसती बसलेली असेल, तर चांगला जोराचा वाराही तिचं काही वाकडं करू शकत नाही. तिला उठवायला मध्ये तिसरा कोणीतरी लागतो. हा तिसरा काय काय करू शकतो, ते अमेरिकेनं १९३० च्या दशकात बघितलं.

त्या काळातली अमेरिका म्हटलं की आपल्याला वॉल स्ट्रीट आठवतं. सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर गेलेला डाऊ जोन्स निर्देशांक जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला, बँका बुडाल्या, भाकरीसाठी रांगा लागल्या. आपली गोष्ट मात्र तिथून अडीच हजार किलोमीटर पश्चिमेला घडते. टेक्सास आणि ओक्लाहोमा या राज्यांचे चिंचोळे पट्टे, कॅन्सासचा पश्चिम भाग, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोचे कोपरे असा हा सगळा सपाट, बिनझाडांचा मुलूख. पाऊस वर्षाला ४००-४५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माण-खटावच्या तोडीचा, आणि तोही लहरी. वारा मात्र बारमाही. हजारो वर्षं तिथे बुटकं, चिवट गवत होतं. त्याच्या मुळांच्या जाळ्यानं माती घट्ट धरून ठेवली होती आणि त्या गवतावर बायसन, म्हणजे तिकडचे गवे, चरत होते.

पहिल्या महायुद्धात काळ्या समुद्रातून बाहेर पडायची वाट, म्हणजे दार्दानेल्सची सामुद्रधुनी, बंद झाली आणि रशियाचा गहू युरोपला मिळेनासा झाला. अमेरिकी सरकारनं १९१७ मध्ये गव्हाला बुशेलमागे दोन डॉलरांची हमी दिली. बुशेल म्हणजे साधारण सव्वासत्तावीस किलो. ‘गहू युद्ध जिंकून देईल’ अशी घोषणाच होती. युद्ध संपलं, युरोपची शेतं पुन्हा पिकू लागली आणि १९२१ मध्ये भाव डॉलरच्या आसपास आला. शहरांत रेडिओ, जॅझ आणि हप्त्यावरची मोटार यांचं दशक सुरू होत होतं, त्याच वेळी शेतकऱ्याची मंदी सुरू झाली होती. भाव निम्मा झाला, पण ट्रॅक्टरचा हप्ता तेवढाच राहिला. मग उपाय काय? दुप्पट पेरायचं. प्रत्येकानं हाच उपाय केला, त्यामुळे भाव आणखी पडला.

अमेरिकेतल्या शेतांवर १९२० मध्ये सुमारे अडीच लाख ट्रॅक्टर होते. १९३० मध्ये ते सव्वानऊ लाख झाले. १९२५ ते १९३० या पाच वर्षांत दक्षिणेकडच्या या मैदानांवर ५२ लाख एकर गवत मोडून जमीन नांगराखाली आली. ‘सुटकेस शेतकरी’ नावाची जमातही निघाली: शहरात राहायचं, पेरणीपुरतं यायचं, कापणीपुरतं यायचं, बाकी जमीन देवाच्या हवाली. १९३१ मध्ये गव्हाचं विक्रमी पीक आलं आणि भाव ४० सेंटांच्याही खाली गेला. कितीतरी लोकांनी पुढच्या वर्षी पेरलंच नाही. नांगरलेली जमीन उघडीच राहिली आणि पाऊस थांबला. उष्ण कटिबंधातलं पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा किंचित थंड होतं, अटलांटिकचं किंचित उबदार. या जोडीनं ढगांच्या वाटा बदलल्या असं आजची संगणकीय प्रारूपं सांगतात. त्या मुलखात दुष्काळ पूर्वीही पडत होते. मोडलेल्या गवतावर पडलेला हा पहिलाच एवढा मोठा दुष्काळ.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहायचा होता तिकडे येतो.

जमिनीवरून वारा वाहतो तेव्हा त्याचा वेग वर जास्त आणि खाली कमी असतो. अगदी पृष्ठभागाशी, मातीच्या खडबडीतपणात, तो जवळजवळ शून्य होतो. या संथ थरात बुडून बसलेल्या बारीक कणाला वरच्या वादळाची खबरही नसते. दुसरं म्हणजे, बारीक कण एकमेकांना चिकटतात. एका कणावर तीन प्रकारची बळं काम करतात. त्याचं वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असतं. वाऱ्याचा रेटा त्याच्या पृष्ठभागावर, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. आणि चिकटपणा नुसत्या व्यासाच्या प्रमाणात. आता भागाकार करून बघा. कण मोठा होत गेला तर वजन रेट्याला भारी पडतं. कण लहान होत गेला तर रेटा चिकटपणापेक्षा झपाट्यानं घटतो, म्हणजे चिकटपणा भारी पडतो. दोन्ही टोकांना वारा हरतो. मधे कुठेतरी एक आकार असा असतो की ज्याला हलवणं सगळ्यात सोपं. तो साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे बारीक रेती. (हा भागाकार डोक्यावरून गेला असेल तर पुढच्या परिच्छेदातल्या रांगोळीपर्यंत धीर धरा.)

राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरनं हे मोजलं. हा गृहस्थ हौसेनं फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात भटकायचा. इंग्लंडला परतल्यावर त्यानं १९३० च्या दशकात लंडनमध्ये वाऱ्याचा बोगदा बांधला आणि त्यात वाळू उडवली. त्याला असं दिसलं की सिमेंटची भुकटी सपाट पसरली, तर चार-साडेचार मिलिमीटरचे खडे हलवणाऱ्या वाऱ्यालाही ती दाद देत नाही.

घरी करून बघायचं तर ताटात मैदा पसरा, वाटीच्या बुडानं दाबून गुळगुळीत करा आणि बाजूनं टेबल फॅन लावा. फारसं काही होत नाही. आता वाऱ्याच्या तोंडाकडून चिमूटभर रांगोळी सोडा. जिथे जिथे रांगोळीचा कण आपटतो तिथून मैद्याचा छोटा फवारा उठतो. शेगडी पेटलेली असताना हे करू नका, आणि ओटा नंतर स्वतः पुसा. आमच्या घरी या दुसऱ्या अटीवरून बोलणी झाली.

तर तो तिसरा म्हणजे रेतीचा कण. वाऱ्यानं तो आधी थरथरतो, मग उडी मारतो. वर गेल्यावर जोराचा वारा लागून त्याचा वेग वाढतो आणि तो अगदी तिरक्या, बसक्या कोनात खाली येऊन आदळतो. या उड्यांना शास्त्रज्ञ ‘सॅल्टेशन’ म्हणतात. उडी मारणं किंवा नाचणं या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आलं. बहुतेक उड्या जमिनीपासून फूटभर उंचीच्या आतच असतात. पण आदळताना हा कण तीन कामं करतो. स्वतः पुन्हा उसळतो, शेजारच्या रेतीच्या कणांना उडवतो, आणि बारीक धुळीचा चिकटपणा मोडून तिला संथ थरातून वर फेकतो. ती धूळ मग लगेच खाली येत नाही. हवेतल्या भोवऱ्यांवर तरंगत किलोमीटरभर उंच जाते. अर्ध्या मिलिमीटरहून मोठे कण उडू शकत नाहीत, ते धक्के खात रांगतात. वाहून जाणाऱ्या मातीपैकी निम्म्याहून अधिक ही उड्या मारतच जाते.

एकानं दोघांना उडवलं, दोघांनी चौघांना. त्यामुळे मोकळ्या शेताच्या वाऱ्याकडच्या कडेला जेमतेम हालचाल असते आणि जसजसं पुढे जावं तसतशी ती वाढत जाते. शेत लांब तितका मारा जबर. शंभर एकरांची दहा शेतं बांधाशिवाय, झाडोऱ्याशिवाय सलग झाली की मातीच्या हिशेबात ते हजार एकरांचं एकच शेत होतं. तुम्ही तुमचं शेत नीट राखलं तरी वाऱ्याकडच्या शेजाऱ्याची रेती येऊन तुमची माती फोडते. शिवाय, एकदा सुरुवात झाली की मातीचा ओघ वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट, तर माती साधारण आठपट.

पुढे कॅन्सासमध्ये काम केलेल्या विल्यम चेपिल या मृदाशास्त्रज्ञानं चाळणी लावून सांगितलं की ०.८४ मिलिमीटरहून मोठी ढेकळं वाऱ्याला सहसा जुमानत नाहीत. म्हणजे ढेकळाळ रान सुरक्षित. आणि त्या मैदानांवर तेव्हा कोणता नांगर लोकप्रिय होता? तबकड्यांचा. तो भराभर चाले, धस्कटं गाडून टाकी आणि ढेकळांची भुकटी करी. शेतकऱ्याला वाटे, रान कसं झकास भुसभुशीत झालं.

मे १९३४ मध्ये उत्तरेकडच्या मैदानांवरून उठलेलं धुळीचं वादळ शिकागोवर माती टाकत न्यूयॉर्कला पोचलं. भरदुपारी दिवे लावावे लागले आणि अटलांटिकमधल्या जहाजांच्या डेकवर माती बसली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी काळी भिंत दक्षिणेकडे सरकत आली आणि दुपारीच हाताला हात दिसेना. रॉबर्ट गायगर हा बातमीदार त्या वादळात सापडला होता. त्याच्या बातमीतून या मुलखाला ‘डस्ट बोल’ (धुळीचा वाडगा) हे नाव मिळालं. लोक खिडक्यांच्या फटींत ओले कपडे कोंबत. लहान मुलं ‘धुळीचा न्यूमोनिया’ होऊन दगावत. रेडक्रॉसनं तोंडाला बांधायच्या पट्ट्या वाटल्या.

विजेचा प्रकार तर विलक्षण होता. आदळणाऱ्या कणांमध्ये विद्युतभाराची देवाणघेवाण होते. बहुधा लहान कण ऋण होतात, मोठे धन. लहान वर तरंगतात, मोठे खाली राहतात, म्हणजे भार आपोआप वेगळे होतात. काटेरी तारांवर ठिणग्या नाचत, मोटारी जागच्या जागी बंद पडत. म्हणून लोक गाडीमागे जमिनीला घासणारी साखळी बांधत. हस्तांदोलनसुद्धा टाळत.

दैव कोपलं म्हणणारेही होतेच. मेलेला साप कुंपणावर पोट वर करून टांगला की पाऊस पडतो अशी तिथे समजूत होती. बेडकांची लग्नं लावणाऱ्यांनी हसू नये. पण मला सापवाल्यांपेक्षा दुसऱ्या प्रकाराचा राग जास्त येतो, कारण तो विज्ञानाचा डगला घालून येतो. एकोणिसाव्या शतकात जमिनी विकणाऱ्यांनी ‘नांगरामागून पाऊस येतो’ असा सिद्धांतच खपवला होता: जमीन नांगरा, ओलावा हवेत जाईल, ढग येतील. १९३५ मध्ये टेक्सासमधल्या डॅलहार्ट गावानं वर्गणी काढून टेक्स थॉर्नटन या तेलविहिरींच्या स्फोटकतज्ज्ञाला बोलावलं. त्यानं आकाशात स्फोट घडवले. वर हवेत पाणीच नसेल तर स्फोट काय गोळा करणार? आपल्याकडे दर दुष्काळात कृत्रिम पावसाच्या विमानाभोवती गर्दी होते तेव्हा मला डॅलहार्ट आठवतं. मीठ किंवा सिल्व्हर आयोडाइड फवारायला आधी योग्य ढग लागतात, आणि दुष्काळात नेमकी त्यांचीच टंचाई असते.

तिथून सगळे कॅलिफोर्नियाला पळाले हाही एक समज. वादळांच्या गाभ्यातले बहुसंख्य लोक जागचे हलले नाहीत. कॅलिफोर्नियात ‘ओकी’ म्हणून हिणवले गेलेले कितीतरी जण पूर्व ओक्लाहोमातले कापसाची कुळं होते. त्यांना हुसकावलं ते पडलेल्या भावानं आणि मालकाच्या ट्रॅक्टरनं.

उपाय शोधायचा तर उडी कुठे अडवायची एवढंच बघायचं होतं. ह्यू बेनेट हा मृदाशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं ओरडत होता; राजधानीच्या आकाशात माती आल्यावर त्याचं ऐकलं गेलं आणि एप्रिल १९३५ मध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला. वाऱ्याला आडव्या सऱ्या काढायच्या, म्हणजे उडी मारणारा कण वरंब्यामागच्या सरीत पडून अडकतो. पिकाचे आणि पडीक जमिनीचे पट्टे आलटून पालटून ठेवायचे, म्हणजे एकाचे दोन, दोनाचे चार होण्याआधीच लांबी संपते. धस्कटं रानातच उभी ठेवायची, म्हणजे वारा शून्य होण्याची पातळी मातीपासून वर उचलली जाते. झाडांच्या रांगा लावायच्या: १९३४ ते १९४२ मध्ये सुमारे २२ कोटी झाडं लागली. काही मोडलेली जमीन सरकारनं विकत घेऊन तिच्यावर पुन्हा गवत पेरलं.

१९३९ च्या शरदात पाऊस परतला. त्यामागून दुसरं महायुद्ध आलं, गव्हाचा भाव चढला आणि नांगर पुन्हा गवतात शिरले. १९५० च्या दशकात त्याच मैदानांवर पुन्हा दुष्काळ पडला, पुन्हा वादळं उठली. या वेळी कॅन्सासमधल्या मॅनहॅटन गावी प्रयोगशाळा होती. तिथल्या लोकांनी शेतावर ओढून नेता येईल असा वाऱ्याचा बोगदा बनवला होता. तो उघड्या रानात मांडून ते किती माती उडते ते मोजू लागले.