बेकार कोण आणि निवृत्त कोण: एका रेषेची पार्श्वभूमी

‘सध्या काय करता?’ या प्रश्नाला साठीच्या आसपासचा माणूस ‘रिटायर झालो’ म्हणाला की विषय तिथेच मिटतो. तोच ‘नोकरी गेली’ म्हणाला, की समोरचा आवाज खाली आणतो. दिवस दोघांचा सारखाच जातो. शब्द मात्र वेगळ्या घरांतले: ‘निवृत्त’ प्रवृत्ती-निवृत्तीच्या जोडीतला, संसारातून मन काढून घेतलेल्याचा; ‘बेकार’ फारसीतून आलेला, आणि तो आपण टाकाऊ मालालाही लावतो.

शब्द जुने असले तरी आजच्या अर्थानं हा फरक फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकातला मजूर अंगात ताकद असेपर्यंत राबायचा, नंतर मुलांच्या आधारानं नाहीतर दानधर्मावर जगायचा. इंग्लंडमध्ये १८३४ च्या गरीब कायद्यानंतर काम सुटलेला आणि काम न झेपणारा, दोघांचं शेवटचं ठिकाण एकच: वर्कहाउस, म्हणजे राबवून घेऊन पोटापुरतं देणारं गरीबखानं. तिथं पाहायचे ते धडधाकट की अशक्त, एवढंच.

पेन्शनला वयाची अट घालणारा पहिला मोठा कायदा चॅन्सेलर बिस्मार्कच्या जर्मनीनं १८८९ साली केला. बिस्मार्कनं स्वतःच्या वयाकडे बघून ६५ हा आकडा ठरवला, अशी गोष्ट सर्रास सांगतात. ती खोटी आहे. कायद्यातलं वय ७० होतं, तो स्वतः तेव्हा ७४ चा होता, आणि ६५ वर्षं ही मर्यादा १९१६ मध्ये आली. शिवाय ती रक्कम इतकी तुटपुंजी, की काम सोडून तिच्यावर बसून खाणं शक्यच नव्हतं. म्हातारपणी घटणाऱ्या मजुरीला टेकू, एवढाच तिचा हेतू.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या गरिबांना पोस्टात आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत पैसे मिळू लागले. पण १९०८ च्या त्या कायद्यात एक कलम होतं: कुवत असूनही ज्यानं सवयीनं काम टाळलं, त्याला पेन्शन नाही. म्हणजे उमेदीच्या वर्षांतला आळस, किंवा अधिकाऱ्याला जो आळस वाटला तो, म्हातारपणी आडवा यायचा. पाठोपाठ १९११ मध्ये बेकारी विमा आला. बांधकाम, जहाजबांधणी अशा मोजक्या धंद्यांपुरता, आठवड्याला ७ शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे. तो घ्यायचा तर कामगार केंद्रात नाव नोंदवून ‘मी काम करायला तयार आहे’ हे दाखवावं लागे. रेष ओढली गेली ती इथं, असं मला वाटतं. पोस्टातल्या म्हाताऱ्याला हे कुणी विचारत नव्हतं.

अमेरिकेनं १९३५ मध्ये वृद्धांची पेन्शन आणि बेकारी भत्ता एकाच कायद्यात बसवले. १९४० च्या जनगणनेत धंदा कोणता यापेक्षा ‘ठरावीक आठवड्यात काम केलं का, नसेल तर शोधत होता का’ यावर भर आला. ज्याला काम नाही आणि जो शोधतही नाही, तो श्रमशक्तीच्या बाहेर, म्हणजे ना कामकऱ्यांत ना बेकारांत. १९८२ साली जागतिक पातळीवर हीच व्याख्या पक्की झाली: हाताला काम नाही, करायची तयारी आहे आणि शोध चालू आहे, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच माणूस बेकार.

मग सरकारांनी ही रेष सोयीनं सरकवली. ब्रिटननं १९७७ पासून वयस्क कामगारांना भत्ता देऊन लवकर घरी बसवलं, अट अशी की त्या जागी बेकाराला घ्यायचं. फ्रान्सनं वयस्क बेकारांना काम शोधण्यातूनच सूट दिली. भत्ता चालू, पण या व्याख्येतल्या बेकारांत त्यांची गणती नाही. फिनलंडमध्ये बेकारी भत्त्यावरून थेट पेन्शनपर्यंत नेणाऱ्या वाटेला लोक ‘पेन्शनची नळी’ म्हणत. आता उलटी गंगा आहे, अनेक देशांत पेन्शनचं वय वर चाललं आहे.

सर्वेक्षणवाला आजही बहुतेक ठिकाणी विचारतो, ‘गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत?’ नोकरी गेलेला एकसष्टीचा माणूस, अर्ज करकरून थकलेला, ‘नाही’ म्हणतो. तेवढ्या उत्तरानं तो बेकारांच्या आकड्यातून गळतो, पेन्शन सुरू व्हायला अजून सहा वर्षं असली तरी.