सेट हातात आहे, पण उभे कुठे आहात?

वॉकीटॉकीच्या खोक्यावर ‘पल्ला १० किलोमीटर’ असं छापलेलं असतं. आणि घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमध्ये गेटवरच्या वॉचमनची हाक दुसऱ्या बेसमेंटमधल्या वॉचमनपर्यंत पोचत नाही. अंतर जेमतेम शंभर मीटर. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी सुचवतं की हे सेट भंगार आहेत, जास्त वॅटचे घ्या. सेट भंगार नसतात आणि खोक्यावरचा आकडाही थाप नसतो. फक्त तो आकडा ज्या जागेसाठी काढलाय, ती जागा ठाण्यात सहसा मिळत नाही.

आकडा येतो कुठून ते पाहू. यूएचएफ म्हणजे रेडिओ लहरींचा ३०० ते ३००० मेगाहर्ट्झचा पट्टा, आणि हातातले सेट त्यातल्या ४०० ते ४७० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीची गोलाईच त्यांच्या आड येते. अँटेनाच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणलं की रेडिओ-क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. तोंडाजवळ धरलेला सेट जमिनीपासून दीड मीटरवर असतो, त्याचं क्षितिज पाच किलोमीटर. समोरच्याचेही पाच. झाले दहा! मात्र मध्ये भिंत, झाड, डोंगर काही नको. वाशीच्या खाडीकाठावरून पलीकडे मानखुर्दच्या बाजूला बोलून पाहा, अर्ध्या वॅटच्या सेटवरही आवाज स्वच्छ येतो, कारण मध्ये नुसतं पाणी आहे. विसाव्या मजल्याच्या गच्चीवर, म्हणजे साठेक मीटरवर गेलात, तर हेच गणित, खाली उभ्या माणसाचे पाच धरून, ३७ किलोमीटर दाखवतं. पण त्याच गच्चीवरून पश्चिमेला बोरिवली लागणार नाही. मध्ये येऊरचा डोंगर आडवा आहे, आणि डोंगराच्या आरपार जाणं या लहरींना जमत नाही.

वॅट वाढवून काय होतं? जमिनीलगत बोलताना थेट आलेली लहर आणि जमिनीवर आपटून आलेली लहर एकमेकींना मारक ठरतात, आणि दूरवर गेल्यावर सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने उतरतो. म्हणजे अर्ध्या वॅटऐवजी पाच वॅटचा सेट घेतला, ताकद दहापट केली, तर पल्ला वाढतो जेमतेम पावणेदोन पट. बॅटरी मात्र चांगलीच लवकर उतरते. त्यापेक्षा पोडियमच्या पायऱ्या चढून वर गेलं तर जास्त फरक पडतो, आणि तो फुकट मिळतो.

आता बेसमेंट. ४५० मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ६७ सेंटिमीटर. आपल्या स्लॅबमधल्या सळयांची जाळी साधारण वीतभर अंतरावर बांधलेली असते. तरंगलांबीच्या मानाने एवढी बारीक लोखंडी जाळी म्हणजे लहरीसाठी जवळपास भिंतच, तिच्यावर आपटून बरीचशी ऊर्जा परत फिरते. असे दोन स्लॅब डोक्यावर असले तर उरतं किती? पण दार, खिडकी, जिना, गाड्यांचा रॅम्प ही भोकं ६७ सेंटिमीटरच्या लहरीला पुरेशी मोठी असतात. म्हणून इमारतींमध्ये यूएचएफ चालतं. समुद्रावर गोष्ट उलटी. तिथे अडथळा नाही, म्हणून जहाजं यूएचएफच्या खालच्या पट्ट्यातल्या, दोन मीटर लांबीच्या व्हीएचएफ लहरी वापरतात, आणि मुंबई किंवा न्हावा शेवा बंदराकडे येणारं जहाज १५६.८ मेगाहर्ट्झवरचा चॅनल १६, म्हणजे हाक मारण्याचा आणि संकटाचा चॅनल, ऐकत असतं. लिफ्ट ही मात्र सगळ्या बाजूंनी पत्र्याची पेटी, तिच्यात बोलण्याची अपेक्षा धरू नये.

बेसमेंटमधल्या माणसाने रॅम्पच्या तोंडाशी यावं, एवढ्यानेच निम्मं भांडण मिटतं. तेही शक्य नसेल तर एक पाऊल सरकून पाहावं. हा तोडगा अंधश्रद्धेसारखा वाटतो, पण त्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे. एकच सिग्नल खांबावरून, गाड्यांवरून, छतावरून परावर्तित होऊन वेगवेगळ्या वाटांनी येतो. कुठे या लहरी एकमेकींत मिळतात, कुठे एकमेकींना खोडतात. खोडलेल्या जागा साधारण अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने, म्हणजे तीसेक सेंटिमीटरवर येत राहतात. तुम्ही नेमके खड्ड्यात उभे असाल तर कितीही ओरडा. फूटभर बाजूला झालात की आवाज परत येतो.

सेट धरायचा कसा, याकडे कुणी लक्षच देत नाही. उभा अँटेना म्हणजे उभी ट्यूबलाइट समजा. तिचा उजेड चहूबाजूंना पडतो, टोकांच्या दिशेने जवळपास नाहीच. त्यामुळे अँटेना समोरच्याकडे रोखून बोलणं म्हणजे ट्यूबचं टोक त्याच्याकडे करणं. शिवाय एकाचा अँटेना उभा आणि दुसऱ्याचा आडवा असला की लहरींच्या कंपनाची दिशाच जुळत नाही, आणि सिग्नल चांगलाच पडतो. सेट कमरेला अडकवून, वर वायरचा माइक लावून बोलणारे बरेच दिसतात. सोयीचं आहे, पण खारट पाण्याने भरलेलं शरीर अँटेनाला चिकटून उभं राहतं आणि बरीच ऊर्जा पिऊन टाकतं. आवाज तुटायला लागला की सेट कमरेचा काढून चेहऱ्याच्या उंचीला धरावा.

बोलणं हाही विज्ञानाचाच भाग आहे. बटण दाबलं की लगेच तोंड उघडू नका. प्रक्षेपक सुरू व्हायला आणि समोरच्या सेटला तुमचा सिग्नल ओळखून स्पीकर उघडायला क्षणभर लागतो. ‘नका उघडू गेट’मधला ‘नका’ याच क्षणात हरवतो. बटण दाबावं, एक श्वास थांबावं, मग बोलावं. तुम्ही बोलत असताना तुमचा सेट ऐकत नसतो, हेही लक्षात असू द्या. आणि दोघांनी एकदम बोललं तर हे सेट ज्या एफएम पद्धतीने आवाज पाठवतात तिच्या स्वभावानुसार जोरकस सिग्नल कमजोर सिग्नलला पार दाबून टाकतो. दबलेल्याला पत्ताही लागत नाही की आपलं कुणी ऐकलंच नाही. म्हणून निरोप घेणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. नुसतं ‘कॉपी, कॉपी’ म्हणणाऱ्यावर माझा फारसा विश्वास नाही.

त्यात बँड अरुंद. सेटमधून साधारण ३०० ते ३००० हर्ट्झचाच आवाज जातो. स, श, फ यांची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते, ती कापली जाते. ब, ड, प यांच्यातला फरक काही मिलिसेकंदांच्या स्फोटात असतो, तो खरखरीत बुडतो. परिणामी धूर डी विंगमध्ये आणि अग्निशामक नळकांडं घेऊन माणूस बी विंगच्या लिफ्टपाशी. यावर ठाणेकरांच्या हाताशी तयार उपाय आहे: लोकलची स्टेशनं. ए ऐरोली, बी बेलापूर, सी चेंबूर, डी डोंबिवली. ‘ई’साठी एल्फिन्स्टन होतं, पण २०१८ साली त्याचं प्रभादेवी झालं, तेव्हा तिथे प्रत्येक सोसायटीने आपापलं शोधावं. फ्लॅटचा नंबरही एकेक आकडा सुटा करून सांगावा. ‘बाराशे तीन’ आणि ‘तेराशे तीन’ खरखरीत सारखेच लागतात, ‘एक-दोन-शून्य-तीन’ लागत नाही.

‘प्रायव्हसी कोड’ नावाच्या सोयीवर मात्र भरवसा ठेवू नका. तुमच्या आवाजाखाली ६७ ते २५४ हर्ट्झमधला एक मंद सूर सोडला जातो, आणि तो सूर असेल तरच समोरचा सेट स्पीकर उघडतो. नको असलेलं बोलणं तुमच्या कानावर येत नाही, एवढाच त्याचा उपयोग. तुमचं बोलणं त्या चॅनलवर कुणीही ऐकू शकतो. कोण गावाला गेलंय, कुणाच्या घराची चावी वॉचमनकडे आहे, या गोष्टी सेटवर बोलायच्या नाहीत.

सेट घेतानाची गोष्ट थोडक्यात. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या सेटसाठी परवान्याशिवाय खुला आहे. साडेबारा किलोहर्ट्झचा एक असे त्यात १६ चॅनल बसतात. सेटला दूरसंचार विभागाची मान्यता मात्र हवीच. हव्या त्या वारंवारतेवर लावता येणारे स्वस्त सेट ऑनलाइन सर्रास विकले जाऊ लागले, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये विक्रेत्यांसाठी नियमच काढले. कारण साधं आहे, चुकीच्या वारंवारतेवर तुमची ‘हॅलो हॅलो’ पोलिसांच्या किंवा आपत्कालीन यंत्रणेच्या बोलण्यात घुसू शकते. मोठ्या ताकदीने बोलायची हौस असेल तर हॅमची, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांची, परीक्षा द्या, त्यांच्यासाठी ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ राखून ठेवलेले आहेत.

सुरक्षेचं म्हणाल तर या लहरींमध्ये अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते. त्या शरीराला फक्त किंचित तापवतात. डोळ्याच्या भिंगात रक्तप्रवाह नसल्याने तिथली उष्णता लवकर निघून जात नाही, म्हणून अँटेना डोळ्याला किंवा गालाला टेकवू नये. सेट तोंडापासून तीन बोटं लांब धरावा, आवाजही त्याने स्वच्छ जातो. पेसमेकर असलेल्याने तो छातीपासून वीतभर लांब ठेवावा, खिशात तर नकोच. अँटेना काढून बटण दाबणं हे सेटच्या जिवावरचं: बाहेर जायला वाट न मिळालेली ऊर्जा उलटी फिरून सेटमधला शेवटचा ट्रान्झिस्टर जाळू शकते.

खरा धोका दोन ठिकाणी आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रसायनांच्या कारखान्यात, जिथे ज्वलनशील वाफ असू शकते, तिथे साधा सेट चालत नाही. ठिणगी पडणार नाही अशा बेताने बनवलेला, तसं प्रमाणपत्र असलेला सेटच न्यायचा, आणि त्याचीही बॅटरी तिथे बदलायची नाही. दुसरं ठिकाण सुरुंगाचं. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, तशा कामावर विजेच्या डिटोनेटरच्या तारा अँटेनासारख्या वागू शकतात. जवळच्या सेटमधली ऊर्जा त्यांच्यात वीज निर्माण करू शकते. ‘रेडिओ बंद ठेवा’ ही पाटी तिथे त्यासाठीच असते.

राहता राहिला पाऊस, ज्याच्यावर इथे सगळ्याचं खापर फुटतं. डिश टीव्ही पावसात जातो, कारण तो ११-१२ गिगाहर्ट्झवर चालतो आणि तिथे थेंब लहरी शोषतात. ४५० मेगाहर्ट्झला थेंबांचं काही वाटत नाही. येऊरच्या वाटेवर जुलैत पल्ला मे महिन्यापेक्षा कमी पडतो तो पाण्याने फुगलेल्या पानांमुळे. बाकी बिघाड सेटमध्येच असतो. बॅटरीच्या पितळी टोकांवर ओल आणि हिरवट थर बसतो, तो कोरड्या फडक्याने पुसावा आणि ओला सेट चार्जरवर ठेवू नये. सुटी बॅटरी किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशात टाकू नये, टोकं जोडली गेली की ती भाजेल इतकी तापते. आणि भर पावसात समोरच्याचा आवाज अचानक घोगरा झाला, तर चॅनल बदलण्याआधी सेट पालथा धरून दोनदा झटकावा. बहुतेक वेळा स्पीकरच्या जाळीत पाणी साचलेलं असतं.